चाळीस हजार कौलं

“बाय, आला बघ,” सगुणा म्हणाली आणि हनुवटीनंच फाटकाकडे खूण केली.

गोजरानं लगेच मान वर केली नाही. डाव्या हाताच्या बोटांवर कौल तोललेलं होतं. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून तिनं त्याच्या पोटावर ठोकलं, एकदा, दोनदा, मान जराशी कलती केली, बावीस वर्षं करत आली होती तशी, आणि कौल उजवीकडच्या राशीला लावलं. उजवीकडे अव्वल, डावीकडे दुय्यम. मग कुठं तिनं पदरानं कपाळावरची तांबडी धूळ पुसली आणि फाटकाकडे पाहिलं.

पनवेलहून टांगा आला होता. त्यातून एक बारकासा, चष्मा लावलेला माणूस उतरला. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून लोंबणारी मोजायची फीत, हातात लोखंडी ताणकाटा. कारखान्याचे मालक गोवर्धनशेठ एक हात छातीवर दाबून, धापा टाकत त्याला सामोरे गेले.

“ह्यो?” गोजरा म्हणाली. “मना वाटलं, येवढी कंपनी घेनारा मानूस कसा उंचापुरा असंल.”

“घेनारा नाय गं यो. पोरगी बघाया पयले मावशीला नाय का धाडत? तशी ही मावशी. ही चालवून बघनार, बोलतं करनार, केस वडून बघनार. मंग घरी जाऊन सांगनार, करा नायतर नको.”

कौलं निवडायच्या फळीवर बसलेल्या बायका फिसकन हसल्या. गोजराही हसली. पण तिचं हसणं इतरांच्या मागून, त्यांची तोंडं बघून आलं.

कामोठ्याच्या खाडीकाठी हा कौलांचा कारखाना उभा होता. भाताच्या खाचरांपलीकडे मातीची खाण, खाणीला लागून माती मळायची घाणी, पुढं कौलं दाबायचं लोखंडी यंत्र, वाळवायच्या लांबलचक मांडण्या, आणि शेवटी भट्टी. भट्टीच्या धुराड्याला दिवाळे गावचे कोळी समुद्रातून येताना खूण म्हणून धरायचे. गावात साठेक चुली या धुरावर पेटत. वर्षाला एक भाताचं पीक, तेही खारं पाणी आत शिरलं नाही तर. बाकीचे दिवस एकतर मिठागर, नाहीतर कौलं.

चीनच्या लढाईनंतरचा फाल्गुन होता. गोवर्धनशेठ थकले होते. दोन्ही मुलांनी दादरला कापडाचं दुकान थाटलं होतं आणि मातीत हात घालायची दोघांचीही तयारी नव्हती. गलबतानं मंगळुरी कौलं येत होती, सिमेंटचे पत्रे येत होते. भायखळ्याची एक बांधकाम-सामानाची पेढी कारखाना घ्यायला तयार होती. आधी तिचा माणूस येऊन सगळं पारखून जाणार, मग बोलणी. शेठनी होळीच्या दिवशी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं होतं, “घेतला तर तुमचं सगळं आहे तसं राहील, तसं मी बोलून घेतलंय. नाही घेतला, तर पावसाआधी भट्टी विझवणार. माझ्यात आता दम नाही रे.”

आणि मग गोजराकडे वळून म्हणाले होते, “अंगणातली ही रासच त्याला दाखवायचीय. चाळीस हजार अव्वल कौलं. तुझ्या हातची, गोजराबाई. तिला कोण नाव ठेवतो बघतो.”

त्या रात्रीपासून गोजराचा डोळा लागला नव्हता.

गोजरा धवलारीण होती. तिची आईही धवलारीण. गावात लग्न निघालं की हळद कुटण्यापासून वरात घरात येईपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायची ती तिनं. नवरीच्या कपाळाला बाशिंग लागायचं ते तिच्या गळ्यावर, देवांना आवतण जायचं ते तिच्या तोंडून. शेठ बावीस वर्षांपूर्वी असेच एका लग्नाला आले होते. मांडवात ती उभी राहून म्हणत होती,

*खाडीच्या पान्यावरी दिवा गं कोन सोडीतो*
*नवरीचा बापूस गं वाट आंधाराला दावीतो*

मागच्या बायकांपैकी एकीचा सूर घसरला तशी गोजरानं न वळता, गाता गाताच, हात मागं नेऊन नेमका तिचाच खांदा दाबला. शेठनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी नामाला, गोजराच्या नवऱ्याला, म्हणाले, “तुझ्या बायकोला फळीवर बसव. जिला गळ्याची चूक कळते तिला कौलाची कळेलच.”

आणि कळायची. भाजलेल्या कौलाला बोट लावलं की ते बोलतं. पुरतं भाजलेलं, अंगात चीर नसलेलं कौल देवळातल्या लहान घंटेला नखानं टिचकी मारावी तसं वाजतं. कच्चं किंवा आतून तडकलेलं कौल ओल्या मडक्यासारखं नुसतं ‘हं’ म्हणतं. दिसायला दोघं जुळे भाऊ. फरक दिसतो तो पावसात, खालच्या माणसाच्या अंथरुणावर. गोजराचं बोट लागलं की पनवेलचे व्यापारी डोळे मिटून गाडी भरायचे. नामा भट्टीची आग सांभाळायचा. तो गेला, तरी तिची फळीवरची जागा हलली नाही.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात तिला हिवताप आला. एकवीस दिवस ती गोधडीखाली थरथरत होती. कडू गोळ्या पोटात गेल्या, ताप उतरला, पण कान महिनाभर गुणगुणत राहिले, आत गांधीलमाशी कोंडल्यासारखे. एक दिवस गुणगुण थांबली. गोजराला वाटलं, सुटले. फळीवर येऊन बसली, पहिलं कौल ठोकलं, कच्चं. दुसरं ठोकलं, कच्चं. तिसरं, चौथं. सकाळभरात तिनं अख्खी भट्टी डावीकडे टाकली. शेठ धावत आले, स्वतः दोन-चार कौलं ठोकून म्हणाले, “अगं बाई, ही तर खणखणतायत!”

गोजरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तापातनं उठलीय शेट. हात अजून जड हाय.”

गांधीलमाशी जाताना बारीक आवाज सगळे घेऊन गेली होती. माणसाचं जवळचं बोलणं कळायचं, घाणीच्या बैलाचं हंबरणं कळायचं. बांगडीची किणकिण, चिमणी, कौल, हे नाही. स्वतःचं गाणं तिला गळ्याला हात लावल्यासारखं आतून कळायचं, तेवढ्यावर तिनं दोन लग्नसराया काढल्या. कौल ती डाव्या हाताच्या बोटांनी पारखायला लागली. चांगलं कौल ठोकलं की बोटाच्या पेरांना मुंग्या येतात, कच्चं कौल निजून राहतं. आणि रंग. पण पेरं घट्ट्यांनी जाड झालेली, आणि भट्टीचा रंग रोज वेगळा. आपण किती चुकतो हे तिला कळत नव्हतं. विचारणार कुणाला? विचारलं म्हणजे सांगितलं. धवलारणीचा कान गेला हे एकदा गावात झालं, की कोणती आई आपल्या लेकीचा मांडव तिच्या गळ्यावर सोडेल?

टांग्यातून आलेल्या त्या माणसाचं नाव वामनराव. पहिला दिवस तो खाणीत होता. फीत लावून खाण मोजली, खालची माती वेगळी, वरची वेगळी अशी पुड्या बांधून घेतली, चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकला.

“खाऊन बघतो?” सगुणानं डोळे मोठे केले. ती गोजराची धाकटी जाऊ. सासरी आली त्या दिवसापासून तिची जीभ म्हणजे कोयता. “शेट, साहेबाला न्याहारी नाय का दिलीत?”

“खारेपणा बघतोय,” वामनराव वर न बघता म्हणाला. “मातीत मीठ असलं तर कौलाला पाच वर्षांनी मिसरूड फुटते. पांढरी.”

“आमच्याकरं मानसालापन फुटते, साहेब,” सगुणा म्हणाली, आणि तो पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा स्क्रू हातानं चाचपला, रिकाम्या भट्टीत रांगत शिरला, काजळी लावून बाहेर आला. यंत्र कुणी दुरुस्त करतं, बैल कुणाचे, सुट्टी कधी, पावसात लोक कुठं जातात, सगळं विचारलं. दुपारी टांग्यानं पनवेलच्या बाजारात गेला आणि संध्याकाळी परतला तेव्हा चेहरा गेला तसा नव्हता.

सरळ फळीपाशी आला. गोजराच्या पुढ्यात उकिडवा बसला.

“बाई, हे कसं ओळखता तुम्ही?”

“ठोकून.”

त्यानं डावीकडचं एक, उजवीकडचं एक, अशी दोन कौलं घेतली. दोन्ही ठोकली. पुन्हा ठोकली. “मला तर सारखीच वाटतात.”

फळीवरच्या बायकांचे हात थांबले होते. गोजराला ते दिसलं. तिला वाटलं, साहेब बसलाय म्हणून.

“कान लागतो, साहेब,” ती म्हणाली.

“हं,” तो म्हणाला. त्यानं मग खडू काढला. मोठ्या राशीभोवती फिरत, इथून एक, तिथून एक, खालून एक, अशी बारा अव्वल कौलं उपसली. प्रत्येकावर आकडा घातला, ताणकाट्याला टांगून वजन वहीत लिहिलं आणि बाराच्या बारा बैलांच्या हौदात बुडवून ठेवली.

“आता?” शेठनी विचारलं.

“आता उद्या. पाण्याला घाई करता येत नाही.”

गोजरा घरी गेली. सगुणानं भाकरी टाकून दिली ती तशीच राहिली. सुकटीचा वास घरभर होता. पाण्यात पडलेली बारा कौलं तिला दिसत होती, एकेक घोट घेणारी.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वामनरावानं कौलं बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा काट्याला टांगली. हौद फळीपासून पन्नास पावलं. गोजराला नुसतं दिसत होतं. एक कौल काट्यावरून काढून तो उजव्या हाताला ठेवी, एखादं डाव्या हाताला. डाव्या हाताला पाच झाली. मग तो उभा राहिला आणि शेठशी बोलू लागला. शेठचा हात छातीवर गेला. शेठ मान हलवत होते, नाही, नाही. मग त्यांनी राशीकडे बोट केलं, मग फळीकडे. मग ते हौदाच्या कठड्यावर मटकन बसले.

“काय बोलतात?” गोजरानं विचारलं. इतक्या लांबचं कुणालाच धड ऐकू येत नसणार, म्हणून विचारायला हरकत नाही, असा तिचा हिशेब.

“काय नाय.” सगुणानं एक कौल उचललं.

“सगुने.”

सगुणानं कौल खाली ठेवलं. फळीवरून उतरली, गोजराच्या समोर येऊन बसली, आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, “बारातली पाच कौलं पानी प्यालीत. बाजारातपन त्याला सांगितलंय कोनी, दोन वर्सं झाली माल घसरलाय. तो बोलतो, रास मोठी दिसावी म्हनून शेटनी कच्चा माल अव्वलमदी घातला. जानूनशी.”

“शेट काय बोलतात?”

“बोलतात, मी असं कदी केलं नाय.”

“आनि?”

“बाय, जाऊ दे ना.”

“आनि काय, सगुने?”

सगुणानं खाली बघितलं. मग अंगवळणी पडलेल्या सवयीनं तोंड पुन्हा वर केलं. “बोलतात, माजं नशीब फुटलं आसंल, भट्टी फुटली आसंल, पन गोजराबाईचा कान चुकायचा नाय. तेच बोलत बसलेत. साहेब बोलला, माती दाहा वर्सांची हाय तसं मी लिवीन, यंत्र जुनं हाय तसं लिवीन, त्यावर आमचे शेट भाव करतील. पन मालकाचीच दानत नाय असं लिवलं, का म्होरलं कोन वाचत नाय.”

गोजरा उठली. गुडघ्यावरची धूळ झटकली. लुगड्याचा काष्टा नीट केला, लग्नघरी शिरताना करावा तसा. सगुणानं तिचा हात धरला, तो तिनं हळूच सोडवला.

हौदापाशी पोचेपर्यंत शेठनी मान वर केली होती. “गोजराबाई, तू जा. तुझं काही काम नाही इथं.”

“साहेब,” गोजरा म्हणाली, “शेटची लबारी नाय. ती कौलं मी लावली. माजा कान गेलाय.”

वामनरावानं चष्मा काढला. “काय?”

“कान. दोन वर्सं झाली. कौल वाजतं ते मना येत नाय. हातानं बघते. हात चुकतो.”

“मालकाला वाचवायला बोलताय, बाई?” त्याचा आवाज कठोर नव्हता. पण तीन दिवसांत त्यानं पुष्कळ ऐकून घेतलं होतं.

“मी पाट फिरवते. तुमी वाजवा. कच्चं का पक्कं, बोलते.”

“अहो, हे कशाला…” शेठ म्हणाले.

गोजरानं पाठ फिरवली. पाठ साहेबाकडे गेली आणि तोंड आपसूक फळीकडे झालं. पन्नास पावलांवर नऊ बायका ओळीनं बसल्या होत्या. कुणाच्या हातात कौल नव्हतं. ऊन त्यांच्या तोंडावर होतं, त्यामुळे एकेक चेहरा स्पष्ट दिसत होता.

ती वाट बघत राहिली. वाऱ्यानं पदर हलला. खाडीकडून चिखलाचा वास आला. तिला वाटलं, अजून साहेबानं वाजवलं नाही. तेवढ्यात टोकाला बसलेल्या पुतळानं डोळे मिटून घेतले. शेजारची शेवंताबाई मान खाली घालून पायाच्या बोटातली जोडवी फिरवू लागली. तेव्हा गोजराला कळलं, वाजवून झालं.

आणि मग दुसरंही कळलं. नऊ बायकांतली एकही दचकली नव्हती. एकीनंही तोंडाला पदर लावला नव्हता, शेजारणीला कोपरानं ढोसलं नव्हतं. गावात गाय व्याली तरी ‘अगं बाय’ करून हात गालाला लावणाऱ्या या बायका, धवलारणीचा कान गेला हे ऐकून नुसत्या बसून होत्या, घरातल्या म्हाताऱ्याचं दुखणं पाहुण्याला सांगताना घरची माणसं बसतात तशा.

“वाजवलं का?” गोजरानं विचारलं. तिला आपला आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.

कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. वामनराव वळसा घालून तिच्या पुढं आला होता. “चार वेळा,” त्यानं चार बोटं दाखवली. मग ती बोटं कुठं ठेवावी हे न कळून त्यानं खिशात घातली. गोवर्धनशेठ कठड्यावर बसल्या बसल्या लहान मुलासारखे रडत होते.

त्या दिवशी फळीवर काम झालं नाही. वामनराव शेठना घेऊन कचेरीच्या खोलीत गेला. गोजरा राशीच्या सावलीला बसली. जरा वेळानं सगुणा येऊन समोर टेकली.

“कवापासून ठावं तुमाला?”

“पयल्या दिसापासून. अख्खी भट्टी डावीकरं टाकलीस, तवापासून.”

“समद्यांना?”

“समद्यांना.”

“गावात?”

सगुणानं नुसती मान डोलावली.

“म्हंजे लग्नाच्या मांडवात पन…” गोजरा थांबली. गेल्या वैशाखातलं शेवंताबाईच्या लेकीचं लग्न तिला आठवलं. मागच्या बायका त्या दिवशी इतक्या जवळ का उभ्या होत्या, धवल्याचं प्रत्येक कडवं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी पाठीवर हात का टेकत होतं. तिला वाटलं होतं, माया.

“बोलली का नायस, सगुने? येवरी जीभ हाय तुना. साऱ्या गावाला सोलतेस.”

“कसं बोलायचं?” सगुणाचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग आला होता. “आमा नवाच्या नवा जनींची लग्नं तुज्या गल्यावर लागली. माजी हलद तूच लावलीस. धवलारनीचा कान गेला असं सवाशिनीनं तोंडानं बोलावं? आमच्या कुकवाचं काय?” तिनं नाक पुसलं. “तू पानी प्याया उठायचीस, जेवाया उठायचीस, तवा आमी तुजी रास उपसायचो. वाईट कौलं काढून तुकर्‍यात टाकायचो. जेवरी गावली तेवरी. रोज. पालीपालीनं.”

“मंग ही पाच कशी रायली?”

“होलीआदी दोन म्हयने शेटनी आमाला भट्टी उतरायला लावलं ना. रास लवकर व्हावी म्हनून. बोलले, फलीवर गोजराबाई येकटी बस्स हाय. तिच्या हातचाच माल दाखवायचा. रास भरली तवा कुटं आमी फलीवर परत आलो.” सगुणानं राशीकडे पाहिलं. “तेला तरी कोन जाऊन सांगनार?”

राशीची सावली पायांवरून सरकून गुडघ्यांवर आली.

“आमी तुना सांबालत व्हतो, बाय,” सगुणा म्हणाली.

“व्हय,” गोजरा म्हणाली. “मना कलायला पायजे व्हतं.”

वामनरावानं काय लिहिलं ते कुणी वाचलं नाही, पण पंधरा दिवसांत पेढीचा निरोप आला. कारखाना घेतला. माणसं आहेत तशी राहतील. रास मात्र अव्वल म्हणून धरली जाणार नाही. एकतर सगळी दुय्यम म्हणून जाईल, नाहीतर पुन्हा निवडून द्यावी लागेल. फळीवर मुंबईहून एक माणूस येणार होता, लाकडी हातोडी घेऊन. शेठनी हे गोजराला सांगितलं तेव्हा ते तिच्या अगदी समोर उभे होते. घाणीवर बैलांमागे चालायचं काम तिला देता येईल, तसं मी बोलतो, असंही म्हणाले.

“रास मी निवरते,” गोजरा म्हणाली.

“तू? कशी?”

“साहेबावानी. पान्यानं.”

“चाळीस हजार कौलं, गोजराबाई!”

“माज्या हातचीच हायत.”

दुसऱ्या दिवसापासून ती फळीवर बसली नाही. राशीच्या कडेला जमीन झाडून घेतली. पन्नास कौलं ओळीनं पालथी मांडायची, तांब्यातलं पाणी एका टोकापासून शिंपडत जायचं, दुसऱ्या टोकाला पोचलं की मागं यायचं आणि वाकून एकेकाकडे बघायचं. पक्क्या कौलावर पाणी थबकून राहायचं, उन्हात चमकायचं. कच्चं कौल ते घटाघटा पिऊन कोरडं तोंड करून बसलेलं असायचं. कच्ची उचलायची, डावीकडे न्यायची. पुन्हा पन्नास.

पुतळा आली, शेवंताबाई आली. “आमी हात लावतो, बाय. आठ दिसांत उरकू.” गोजरानं मान हलवली. रागानं नव्हे. तिनं पुतळाच्या गालावरून हात फिरवला, आणि तांब्या घेऊन पुढच्या ओळीला गेली. सगुणा एकदा न विचारताच येऊन ओळ मांडू लागली, तेव्हा गोजरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, ती जाईपर्यंत.

चैत्र सरला. वैशाखाची लग्नं निघाली. हळद कुटायला गोजराला बोलावणं आलं, मानाची सुपारी आली, लुगडंही आलं. धवल्याला उरणच्या बाजूची धवलारीण आणली होती. गोजरा मांडवात गेली, नवरीच्या डोक्यावर तांदूळ टाकले, जेवली, आणि उन्हं उतरायच्या आत राशीकडे परत आली.

रास रोज एका बाजूनं बुटकी होत होती. ज्या कौलांवर होळीआधी तिनं बोट ठेवलं होतं, ती एकेक करून पुन्हा तिच्या हाताखालून जात होती. दर पन्नासांत कधी आठ, कधी बारा, एकदा तर वीस. वीस निघाली त्या दिवशी ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत उकिडवी बसली होती. डावीकडची रास उजवीकडच्या राशीच्या पाव हिश्शाला पोचली.

शेवटच्या दिवशी ढग खाडीवर उतरले होते. नव्या पेढीचे ट्रक अंगणात लागले होते. हातोडीवाला माणूस आदल्या दिवशीच आला होता आणि फळीवर बसून ठोकत होता. बायका त्याच्याकडे न बघता कौलं पुढं सरकवत होत्या. राशीच्या जागी आता लाल भुकटीचा चौकोन उरला होता आणि त्यात शेवटची सतरा कौलं.

ओळ पुरी होत नव्हती. गोजरानं सतराच मांडली. मग कधी केलं नव्हतं ते केलं: ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेका कौलावर ओंजळीतून वेगळं पाणी सोडलं. पाणी पिणारी तीन निघाली. ती तिनं स्वतः उठून डावीकडे नेऊन ठेवली. उरलेली चौदा ट्रकपाशी उभ्या माणसाच्या हातात एकेक करून दिली. तो घाईत होता. “आवरा, मावशी,” ती पाठमोरी झाली की तो म्हणत होता. तिनं पदरानं प्रत्येक कौल पुसलं, आधी पोट, मग पाठ, आणि कोरडं करून त्याच्या हातात दिलं.